शहराची पुढची बाजू

आमच्या घरात वेळ विचारणं सोपं काम नव्हतं. आजोबांना 'किती वाजले?' म्हटलं की घड्याळ बघायच्या आधी ते उलटा सवाल टाकत, "कुठला टायम? मुंबईचा की स्टँडर्ड?" मला वाटायचं, म्हातारा थट्टा करतोय. एका गावात दोन वेळा कशा असतील? पुढे कॉलेजात असताना वाचनात आलं, की १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात एक प्रमाण वेळ सुरू झाली, तेव्हा मुंबईने ती मानायलाच नकार दिला होता. सूर्याच्या हिशेबाने मुंबई त्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. गिरणीकामगार चिडले, पुढाऱ्यांनी सभा घेतल्या आणि म्युनिसिपालिटीने आपली घड्याळं मुंबईच्याच वेळेवर ठेवली. ही हट्टाची वेळ १९५५ पर्यंत टिकली. जवळजवळ ५० वर्षं इथे आगगाडी एका वेळेने सुटत होती आणि म्युनिसिपालिटीचं घड्याळ दुसरीच वेळ दाखवत होतं. आजोबा थट्टा करत नव्हते. त्यांची उमेदीची सगळी वर्षं दोन वेळा सांभाळण्यात गेली होती.

ती नोंद मी एका कागदाच्या कपट्यावर उतरवली आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकली. हे पुस्तक त्या डब्यातून निघालं आहे.

आजोबा व्हिक्टोरिया गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारी प्रत्येक गोण, प्रत्येक खोकं मोजायचं. वहीत चार उभ्या रेघा ओढायच्या आणि पाचवी त्यांच्यावर आडवी मारायची. एक मोजणारा जहाजाच्या बाजूचा, एक गोदीच्या बाजूचा. दोघांचे आकडे जुळले तर सही, नाहीतर पुन्हा मोजणी. हे काम वर्षानुवर्षं केल्यामुळे असेल, पण कुणी काही नवल सांगितलं की ते आधी विचारत, "मोजलंस का?" माझ्या डब्यातल्या चिठ्ठ्या वाढत गेल्या तसा हा प्रश्न माझ्याही डोक्यात घर करून बसला.

चिठ्ठ्या पाचशेच्या वर गेल्यावर त्या लावायच्या कशा, हा पेच आला. अकारविल्हे लावल्या, तर 'अलिबाग'शेजारी 'आगबोट' येऊन बसली आणि दोन्ही एकमेकांकडे बघेनात. सालवार लावल्या, तर शाळेचा इतिहास झाला. जातिधर्मवार लावल्या, तर जनगणनेचा तक्ता. शेवटी एका रविवारी मी जमिनीवर मुंबईचा मोठा नकाशा पसरला आणि प्रत्येक चिठ्ठी, ती गोष्ट जिथे घडली, तिथे ठेवत गेलो. दुपारपर्यंत नकाशाची उजवी बाजू, म्हणजे कुलाब्यापासून शिवडीपर्यंतचा पूर्व किनारा, कागदांनी झाकून गेली. डावीकडे, जिथे मरीन ड्राइव्ह आणि चौपाटी आहे, तिथे मोजून अकरा चिठ्ठ्या.

मी कितीतरी वेळ त्या नकाशाकडे बघत बसलो. आपण मुंबई बघतो ती पश्चिमेकडून. पाहुण्याला दाखवतो तो समुद्र पश्चिमेचा, सिनेमात दिसतो तो पश्चिमेचा, घरांचे भाव ठरतात तेही त्याच समुद्राच्या अंतरावरून. पण तिथल्या उपसागराचं नाव काय? बॅक बे. मागचा उपसागर. ज्यांनी हे नाव ठेवलं, त्यांच्या लेखी शहराचं तोंड पूर्वेला होतं, बंदराकडे, आणि चौपाटी म्हणजे परसदार. शहर कधीतरी पाठमोरं फिरलं आणि नाव तेवढं जुन्या जागी राहिलं. या पुस्तकातल्या बहुतेक नवलांचं मूळ इथे आहे. पूर्वेच्या धक्क्यावर उभं राहून पाहिलं तर त्यांत चक्रावण्यासारखं फारसं काही उरत नाही. म्हणून प्रकरणांना मी बंदरांचीच नावं दिली आहेत.

नावांची वाण पडली नाही. बोरी बंदर, मशीद बंदर, चिंच बंदर, वाडी बंदर, लकडी बंदर, कोळसा बंदर, हाजी बंदर, टँक बंदर, अपोलो बंदर. यांतली निम्मी आज कानाला रेल्वेची स्टेशनं किंवा ट्रकांचे रस्ते वाटतात. 'बंदर' हा फारसी शब्द आपण उच्चारतो, पण तिथे पाणी होतं हे आठवत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी ठाण्याला निघाली, ती बोरी बंदरहून. का, तर माल तिथे उतरत होता. रूळ धक्क्यापर्यंत नेले होते. पुढे समुद्र हटवला आणि रूळ राहिले. अपोलोचा ग्रीकांच्या देवाशी संबंध नाही. ते 'पालव' या देशी नावाचं गोऱ्यांच्या जिभेवर झालेलं रूप आहे. पायधुणी म्हणजे जिथे ओहोटीच्या चिखलातून आलेला माणूस पाय धूत असे ती जागा. उमरखाडी ही खरोखरची खाडी होती. दारूखाना म्हटल्यावर हसू येतं, पण ही दारू बंदुकीची.

पाणी गेलं आणि भिंत आली. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० साली प्रिन्सेस गोदी, १८८८ साली व्हिक्टोरिया, १९१४ साली अलेक्झांड्रा, जिला आता इंदिरा गोदी म्हणतात. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेली माती समुद्रात टाकून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली, म्हणजे त्या देखण्या दगडी इमारती एका खड्ड्याच्या मातीवर उभ्या आहेत. गोदीला फाटकं झाली. ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. निरक्षर हमालालाही रंग कळतो. यलो गेटच्या नावाने तर पोलीस ठाणंही आहे. फाटकाच्या आत जायला पास लागू लागला आणि तीन-चार पिढ्यांत असं झालं, की बेटाच्या शहराची सुमारे आठवा हिस्सा जमीन बहुतेक मुंबईकरांनी कधी पाहिलीच नाही. न पाहिलेल्या जागेच्या गोष्टी नवलाच्या वाटणारच.

सात बेटं, पोर्तुगीज राजकन्येचा हुंडा, कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिलेलं बेट, या गोष्टी वाचकाला पाठ असतात, म्हणून पुस्तकात त्या ओझरत्या येतात. मात्र हुंडा हातात पडायला किती काळ लागला, हे सहसा कुणी सांगत नाही. लग्नाचा तह १६६१ चा. ताबा घ्यायला आलेल्या इंग्रजांना इथल्या पोर्तुगीजांनी दारातच उभं केलं. इंग्रज शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत बसले आणि त्यांतले बहुतेक, सेनापती शिपमनसकट, तिथेच रोगराईने मेले. उरल्यासुरल्या लोकांनी १६६५ साली मुंबईचा ताबा घेतला. त्याच्याही शंभर वर्षं आधी हे बेट ज्याच्याकडे होतं तो गार्सिया द ओर्ता वैद्य होता. त्याचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. तो मूळचा ज्यू घराण्यातला निघाला म्हणून मेल्यानंतर धर्मन्यायालयाने त्याची हाडं उकरून जाळली. मुंबईचा हा जुना जमीनदार आपल्या शाळेच्या पुस्तकांत कुठेच नाही.

आता जहाजांकडे वळू. हे पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण आहे. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार सुरतेहून मुंबईला आला. त्याने आणि त्याच्या वंशजांनी पुढची दीडशे वर्षं इथे जहाजं बांधली, तीही ब्रिटिश आरमारासाठी. इंग्लंडमधला ओक संपत आला होता. मलबारचं सागवान मिळत होतं आणि ते खाऱ्या पाण्यात ओकपेक्षा कितीतरी जास्त टिकत होतं. या धंद्याभोवतीची एक गोष्ट मुंबईकर मोठ्या अभिमानाने सांगतात: अमेरिकेचं राष्ट्रगीत फ्रान्सिस स्कॉट की याने मुंबईत बांधलेल्या 'मिंडेन' जहाजावर बसून लिहिलं. मीही ती बरीच वर्षं सांगत होतो. मोजायला गेलो तर आकडा जुळेना. की त्या रात्री तहाचं निशाण लावलेल्या अमेरिकन नौकेवर होता. ती चिठ्ठी मी फाडून टाकली.

तिच्या जागी जी चिठ्ठी आली, ती मला जास्त मोलाची वाटते. १८१३ साली मुंबईत 'कॉर्नवॉलिस' हे जहाज बांधलं गेलं. १८४२ साली चीनने अफूच्या पहिल्या युद्धात हार मानून ज्या तहाने हाँगकाँग इंग्रजांना दिलं, तो नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. ज्या अफूपायी युद्ध पेटलं तिच्यातली माळव्याची अफू मुंबईच्याच धक्क्यावरून जात होती आणि तिच्या पैशावर इथली इस्पितळं, शाळा आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. माल मुंबईचा, जहाज मुंबईचं, आणि सही करताना पायाखाली मुंबईची फळी. हाँगकाँगमध्ये आजही खाडी ओलांडायला जी 'स्टार फेरी' लागते ती एका पारशाने सुरू केली, आणि तिथल्या विद्यापीठाच्या उभारणीत मोठा पैसा घातला तो मुंबईहून गेलेल्या होरमसजी मोदींनी. या शहराच्या परोपकाराची आणि पापाची वही एकच आहे. प्रकरण लिहिताना मी ती पानं वेगळी करायचा प्रयत्न केला नाही.

वाडियांचं आणखी एक जहाज, १८१७ सालचं 'ट्रिंकोमाली', आजही पाण्यावर आहे. ते बघायला इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जावं लागतं. ब्रिटनमधली तरंगती असलेली सगळ्यात जुनी युद्धनौका म्हणून तिथे तिकीट काढून दाखवतात. बांधणीच्या आरंभी तिच्या कण्यात पारशी रिवाजाने चांदीचा खिळा ठोकला होता. याच घराण्यातल्या अर्देशीर कर्सेटजींनी १८३४ साली माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. रामानुजन त्यानंतर ७७ वर्षांनी.

धक्क्यावर काय उतरेल याचा नेम नसतो, हे दाखवायला १८९६ सालच्या दोन चिठ्ठ्या पुरेत. ७ जुलैला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली, पॅरिसच्या पहिल्या खेळानंतर अवघ्या सहा महिन्यांनी. हिंदुस्थानात सिनेमा आला तो कुणी बोलावला म्हणून आला नाही. ल्युमिएरांचा माणूस ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि त्याची वाट मुंबईवरून जात होती. ज्या हॉटेलात खेळ झाला त्याचा लोखंडी सांगाडासुद्धा इंग्लंडमध्ये ओतून, सुटा करून, जहाजाने आणलेला. आणि अडीच महिने उलटले नाहीत तोच, सप्टेंबरात, बंदराला लागून असलेल्या मांडवीत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांना एका रोग्याच्या जांघेत गाठ सापडली. गोव्यात जन्मलेल्या या डॉक्टरने 'प्लेग' असं निदान केलं तेव्हा अनेकांना ते पटेना. हा रोग बहुधा हाँगकाँगहून जहाजांतल्या उंदरांबरोबर आला होता. लोक घरं सोडून पळाले, जहाजं मुंबई टाळू लागली.

औषधही बाहेरून आलं. ओदेसा या काळ्या समुद्रावरच्या बंदरात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ व्लादिमिर हाफकिन यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी पुढे आले. सरकारला मात्र कळून चुकलं होतं, की लस टोचली तरी घरं तशीच राहिली तर उंदीर परत येणार. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याला आखीव वसाहती मांडल्या आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या. आज दादरच्या हिंदू कॉलनीत राहणाऱ्याला कुणी सांगितलं की तुझ्या घराचा पाया मांडवीच्या उंदरांनी घातला, तर तो रागावेल. पण गोष्ट खरी आहे. ट्रस्टच्या परळच्या चाळीत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. माझगावच्या ताडवाडीतल्या तशाच चाळीत माझ्या वडिलांचा जन्म झाला. 'बीआयटी', म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, या तीन अक्षरांचा अर्थ त्यांना ठाऊक होता. त्या अक्षरांचं प्लेगशी असलेलं नातं त्यांना मी सांगितलं.

माणसांविषयीच्या चिठ्ठ्या सगळ्यात जास्त निघाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच मी गाळल्या. 'मुंबईत अमुक इतक्या जातीजमाती' अशी यादी द्यायचा मोह आवरला, कारण यादीत माणसं रांगेत उभी राहतात आणि बंदरावर ती एकमेकांत मिसळलेली असतात. त्यापेक्षा एका जागी उभं राहून बघावं. पहाटे पाच वाजता ससून गोदीत जा. ही १८७५ सालची गोदी ज्यांनी बांधली ते ससून बगदादहून आलेले ज्यू. तिथे मासळीचा लिलाव चालतो. 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीज. लिलाव लावणाऱ्या कोळणी या बेटांच्या मूळच्या रहिवासी. बोटीवरचा तांडेल गुजरातचा असेल, बर्फ फोडणारा आणखी कुठला. कोळीण ज्या घमेल्यात कोळंबी ओतते ते घमेलंही पोर्तुगीज, आणि महिन्याच्या शेवटी बर्फवाल्याला मिळतो तो पगारही. आपल्या स्वयंपाकघरातला बटाटा, कोबी, पाव आणि फडताळावरचा साबण त्याच वाटेने आले. मराठीने या शब्दांना कधीच परकं म्हटलं नाही.

मशीद बंदर स्टेशनाच्या नावाची गोष्टही अशीच. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हा बेने इस्राएली शिपाई टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटला आणि त्याने १७९६ साली या भागात मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. आसपासचे लोक त्यालाही मशीदच म्हणत; स्टेशनाला नाव पडलं ते त्यावरून, असं जुने लोक सांगतात. दिवेकर हे आडनाव वाचून थबकला असाल तर सांगतो, हा समाज कोकणातला, तेल गाळणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा, म्हणून 'शनिवार तेली'. घरची भाषा मराठी. वल्हांडण सणाची त्यांची पोथी १८४६ साली मुंबईत हिब्रू आणि मराठीत छापली गेली. पुढे बहुतेक लोक इस्राएलला गेले आणि तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले.

वसई-साष्टीचे मराठी बोलणारे कॅथलिक, लुगडं नेसून लग्नात गाणी म्हणणारे, स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवतात, आणि राहतात पश्चिम किनाऱ्यावर! गोव्याहून आलेले कॅथलिक नोकऱ्यांत शिरू लागले, तेव्हा आपण निराळे हे साहेबाला कळावं म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात, त्यांनी कंपनीच्या नावावरून हे नाव घेतलं. आणि ते गोव्याचे लोक? त्यांच्यातले तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे, धोबीतलावाच्या आसपास 'कूड' करून राहत. एकेका गावाची एकेक कूड. एक मोठी खोली, देव्हारा, भिंतीकडेने पत्र्याच्या पेट्या. जहाज लागलं की पेटी काढायची, सुटलं की ठेवायची. माझगावात चिनी खलाशांनी १९१९ साली बांधलेलं कुआन कुंग देवाचं देऊळ एका साध्या घराच्या माडीवर आहे. आमच्या चाळीतली मुलं चिनी नववर्षाला तिथे जायची. इराणचा पहिला बोलपट १९३३ साली पडद्यावर आला आणि तो बनला मुंबईत, अर्देशीर इराणींच्या स्टुडिओत. आलम आराही त्यांचाच.

बंदर आणतं तसं नेतंही. १८३० नंतरच्या दशकात बोस्टनच्या तळ्यांवरचा बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून मुंबईत येत होता आणि श्रीमंतांच्या मेजवान्यांत वाढला जात होता. उलट दिशेने एडनला कैदी जात होते. अरबस्तानच्या टोकावरचं ते बंदर १८३९ साली इंग्रजांनी घेतलं आणि जवळजवळ शंभर वर्षं त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. वासुदेव बळवंत फडक्यांना एडनच्या तुरुंगात का ठेवलं, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. परमुलखात कैदी कसा पाठवतात? मुंबई सरकारच्या लेखी ते आपल्याच इलाख्यातलं गाव होतं. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी फडके तिथे वारले. त्यांच्या शिरढोणपासून पनवेलची खाडी फार लांब नाही, आणि त्या खाडीचं पाणी मुंबईच्या बंदरालाच मिळतं.

आणखी एक चिठ्ठी आजोबांच्या घड्याळाची पाळंमुळं दाखवते. जहाजाला समुद्रावर आपण कुठे आहोत हे कळायला अचूक वेळ लागते. म्हणून कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा काढली. तिथे पुढे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावर प्रचंड स्फोट झाला आणि जगभर तारायंत्रं बिघडली; नोंदवलेल्या सौर वादळांतलं ते सर्वांत मोठ्यांपैकी एक. त्या वादळाचा चढउतार कुलाब्याच्या वहीत उतरला आहे आणि आजचे शास्त्रज्ञ अजून ती वही उघडतात. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेने लोहचुंबकाचं मोजमाप चुकलं असतं. म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला हलवली, लोखंडाचा खिळाही न वापरता बांधलेल्या इमारतीत. आता 'अलिबाग'शेजारी 'आगबोट' का नीट बसत नव्हती ते कळलं असेल. मध्ये ट्राम हवी होती.

यानंतर ज्या गोष्टीविषयी लिहायचं ती मला सर्वांत जड गेली. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलं होतं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, वर कापसाच्या हजारो गाठी आणि एका पोलादी पेटीत सोन्याच्या विटा. कापूस पेटला. दुपारी चारनंतर सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसं गेली, काहींच्या मते हजाराच्या वर. आग विझवायला आत शिरलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान परतले नाहीत. देशभर १४ एप्रिल अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. लोक सांगतात ती सोन्याची गोष्ट: वीट उडून मैलभर लांबच्या एका घरात पडली आणि घरमालकाने ती परत केली. ही गोष्ट खरी आहे आणि गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षं विटा सापडत राहिल्या हेही खरं आहे. पण सोनं मोजलं गेलं, माणसं मोजली गेली नाहीत. त्या दिवशी रोजंदारीवर आत किती हमाल होते याची वही गोदीबरोबरच जळाली, असं आजोबा म्हणत. त्यांची त्या दिवशी सकाळची पाळी होती. तीनला सुटून ते ताडवाडीत येऊन जेवायला बसले होते. ज्याने त्यांच्याकडून टॅलीची वही घेतली त्याचं नाव त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

म्हणून या पुस्तकातल्या आकड्यांविषयी मी जरा हट्टी आहे. जी गोष्ट एकाच ठिकाणी सापडली ती घेतली नाही. जी दोन ठिकाणी सापडली, पण दुसऱ्याने पहिल्याचीच नक्कल केली होती, तीही घेतली नाही. लोकांच्या तोंडी असलेली पण कागदावर नसलेली गोष्ट घ्यावीशी वाटली, तिथे 'सांगतात' असं लिहिलं आहे. तो शब्द दिसला की वाचकाने समजून घ्यावं. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' लिहिलं, तेव्हा या शहरावरचं मराठीतलं ते पहिलं पुस्तक होतं. माडगावकर गोव्यातून आलेले. घरच्या माणसाला जे रोजचं वाटतं ते नव्याने आलेल्याला मोजावंसं वाटतं. त्यांच्या पुस्तकाशी माझ्या डब्याची तुलना होणार नाही, पण मुंबईकडे बघायची दिशा मी त्यांच्याकडून घेतली आहे.

१९८९ साली पलीकडच्या काठावर न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. तिथे माल पेट्यांतून येतो, पेट्या यंत्र उचलतं आणि मोजणीही यंत्रच करतं. इकडच्या गोद्यांतली गर्दी ओसरली. फाटकाआडच्या जमिनीचं काय करायचं यावर आता नकाशे निघतात, आणि पूर्व किनारा कधीतरी लोकांना खुला होईल असं बोललं जातं. तो दिवस आला तर तिथे फिरायला जाणाऱ्याच्या हातात हे पुस्तक असावं, एवढी माझी इच्छा आहे. तोवर भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचचं तिकीट काढा आणि सुटल्यावर मागे वळून बघा. शहर तिथून जसं दिसतं, तसंच ते इथे आलेल्या प्रत्येकाला पहिल्यांदा दिसलं होतं. माझ्या आजोबांनाही.

टॅलीच्या वहीत दोन रकाने असत, एक जहाजाचा आणि एक गोदीचा. जहाजाच्या बाजूने माझी मोजणी झाली आहे. काही खोकी फुटकी असतील, एखादी गोण कमी भरेल. दुसरा रकाना वाचकाचा. आकडा जुळला नाही तर कळवा, पुन्हा मोजू.

माझगाव, मुंबई